आप्पांच्या उजेडातली शेवंती

आमच्या आप्पांचा वाढदिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत जात नाही. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. सोसायटीचे माजी चेअरमन, भावकीच्या भांडणातले कायमचे मध्यस्थ, आणि शिरूर तालुक्यात मी ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते त्या संस्थेच्या कार्यकारिणीचे सदस्य. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथंच शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. नावाआधी डॉक्टर लागतं, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॉलेजच्या लेखी मी जन्मालाच आलेली नसते.

आठवडाभर मी शिरूरला खोली घेऊन राहते आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जाते. चौफुल्याला उतरून पुण्याकडच्या गाडीत बसलं की यवत जातं आणि कासुर्डी यायच्या आत आमची वस्ती लागते, अगदी हायवेला चिकटून. वडील गेल्यापासून तिथं आई एकटी असते. शेजारी आप्पांचा बंगला आणि दोन्ही घरांच्या मागं-पुढं नुसता ऊस. जमीन तेव्हा एकत्र होती. एकत्र म्हणजे कागदावर सगळ्यांची आणि बांधावर आप्पांची.

आईला उसाचा भयंकर कंटाळा. "लावायचा आन् वरीसभर त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं," ती म्हणायची. "फुलाचं कसं, रोज काही ना काही दिसतं." तिच्या माहेरी शेवंती असायची, त्यामुळे शेवंतीचं रोप तिच्या हाताला ओळखायचं. वाटणीचा तिला हक्क होता, कायद्यानं पुरेपूर. पण आमच्याकडं हक्क मागणारी बाई म्हणजे घर फोडणारी बाई. म्हणून आईनं हक्क मागितलाच नाही. हायवेच्या कडेचा वीस गुंठ्यांचा पट्टा मागितला, एका हंगामापुरता.

आप्पांनी तो चार माणसांत दिला, गावजेवण घातल्यासारखा. "घ्या की वहिनी, हौस करा. पण आधीच सांगतो, दिवाळीपर्यंत शेत फुललं न्हाई तर पाडव्याला ट्रॅक्टर घालणार आन् ऊस लावणार. मग पुन्यांदा शेवंतीचं नाव काढायचं न्हाई."

"आन् फुललं तर?" आईनं विचारलं.

"फुललं तर पट्टा तुमचा," आप्पा म्हणाले आणि हसले. बाकीचेही हसले. आई नाही हसली. साठीला आलेल्या माझ्या आईला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी 'तुमचा' म्हणालं होतं, तेही जर-तर लावून. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन पट्ट्यात उतरली.

आता यातला खरा तमाशा कळायचा तर माझं शिक्षण सांगावं लागेल. मी सहा वर्षं शेवंतीवरच संशोधन केलंय. शेतातल्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या. शेवंतीचं असं आहे की ती रात्र मोजते. पानाला पुरेसा वेळ सलग अंधार मिळाला की पानातलं एक जनुक जागं होतं आणि एक संप्रेरक बनवतं. ते संप्रेरक निरोप्यासारखं देठातून वर शेंड्याकडं जातं आणि सांगतं, पानं पुष्कळ झाली, आता कळी धर. पण रात्रीत उजेड पडला तर दुसरंच जनुक जागं होतं आणि ते उलटा निरोप धाडतं की थांब, एवढ्यात नको. शेंड्यावर दोन्ही निरोप्यांना टेकायला जागा एकच. ज्याची गर्दी जास्त त्याचं चालतं. माझा प्रबंध त्या 'नको' म्हणणाऱ्या जनुकावर होता.

प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात शेकडो रोपं असायची. अंधाराच्या मधोमध टायमर काही मिनिटं दिवा लावायचा, बस, एवढंच. तेवढ्यानं ती रोपं महिनोन्‌महिने नुसती पानं काढत बसायची. फूल येऊ न दिल्याबद्दल मला फेलोशिप मिळायची आणि शेवटी पदवीही मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, "म्हंजी नेमकं शोधलं काय?" मी म्हटलं, "शेवंतीला फूल का येत नाही ते." आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "न्हाई येत ते कशाला शोधायचं? येतं ते शोधावं माणसानं."

तर त्या वर्षी आप्पांना साठ पूर्ण झाली. साधा वाढदिवस असता तर बांबूवरचा फ्लेक्स पुरला असता. साठीला लोखंडी सांगाडा आला. पार दुसऱ्या मजल्याएवढा बोर्ड, आईच्या पट्ट्याच्या पश्चिमेच्या बांधावर, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून. आईला कुणी विचारलं नाही. मधोमध आप्पा, एक हात जोडलेला आणि दुसऱ्या हातात मोबाईल. खाली शुभेच्छुकांचे चाळीसभर चौकोनी चेहरे, त्यात माझाही, 'डॉ.' लावून. तो फोटो माझ्या आधार कार्डावरचा होता. त्यात मी नुकतीच पाकीटमारी करताना सापडल्यासारखी दिसते. तो त्यांना कुठं मिळाला हे विचारायची सोय नव्हती.

बोर्ड झाला, पण दिव्यांचं काही जमेना. वायरमननं पहिल्यांदा फोकस बोर्डाच्या पायाशी लावले. खालून उजेड आला तशी आप्पांच्या नाकाची सावली कपाळावर गेली आणि आप्पा कुणाला तरी शिव्या घालताहेत असं दिसायला लागलं. मग फोकस उचलून समोरच्या, म्हणजे पट्ट्याच्या पूर्वेच्या बांधावर नेले. पुरुषभर उंचीचे चार खांब आणि प्रत्येकावर एकेक फोकस. तिथून उजेड आईच्या अख्ख्या शेतावरून आडवा जाऊन आप्पांच्या तोंडावर पडायचा. दिवेलागणीला आपोआप लागायचे, उजाडलं की विझायचे. वीज कुठून घेतली हे विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.

आणि हे दिवे विझून चालायचं नाही, त्यालाही कारण होतं. आमच्या भागात वाढदिवसाचा फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स एकाच दुकानात, एकाच फोटोवरून तयार होतो. फरक कळतो तो दिव्यांनी. वाढदिवसाला झगमगाट, श्रद्धांजलीला नुसता हार. पहिल्याच आठवड्यात एकदा वीज गेली, बोर्ड अंधारात राहिला, आणि केडगावच्या एका पाव्हण्यानं आप्पांच्या मुलाला फोन करून हळूच विचारलं, "कवा झालं म्हणायचं?" आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोकसना बॅटरी बसली. घरात फ्रीजला बॅटरी नव्हती.

ऑगस्ट निम्मा झाला. शेजारच्या वस्तीवरच्या शेवंतीला कळ्या दिसायला लागल्या. आईची शेवंती मात्र अशी हिरवीगार, अशी तरारलेली की बघत राहावं, आणि कळीचा पत्ता नाही. आईनं शनिवारी मला बांधावर उभं केलं. "बघ बाई तुझी शेवंती. सहा वर्सं तिच्यातच हुतीस ना?"

मी बघितलं. जबाबदार माणसासारखं पान उलटून बघितलं, माती चिमटीत घेऊन बघितली. मातीचा नमुना पाठवला, पानाचा नमुना पाठवला. मग म्हटलं, "जीए मारू या." जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, झाडाचंच एक संप्रेरक; काही झाडांत ते फुलाला मदत करतं. आईनं पाठीवर पंप घेऊन माझ्या सांगण्याप्रमाणं सगळा पट्टा फवारला. आठवड्यात शेवंती वीतभर उंच झाली आणि वाऱ्यानं लोळायला लागली. कळी नाहीच. आप्पा येऊन बघून गेले. "शिक्षणाचा फायदा हाय बरं का वहिनी," ते म्हणाले. "उंची वाढली."

मग आईनं यवतच्या दुकानातून फुलधारणेचं टॉनिक आणलं. बाटलीवर गुलाबाचं चित्र होतं. दुकानदारानं सांगितलं की शेवंती, डाळिंब, दुधी, सगळ्याला चालतं, आणि जनावराला पाजलं तरी काही होत नाही. एवढं निरुपद्रवी औषध मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यानंही काही झालं नाही.

माझी मला लाज वाटते ती इथून. ज्या गोष्टीवर सहा वर्षं घालवली ती डोळ्यांसमोर चार खांबांवर टांगलेली होती आणि मला दिसत नव्हती. कारण माझ्या डोक्यात उजेड म्हणजे टायमर, कपाट, आकड्यांची नोंदवही. आप्पांचा वाढदिवस ही संशोधनाची बाब आहे असं मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

ते दाखवलं आईनं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा ती शेतातच होती. पट्ट्यात पूर्वेच्या अंगाला पाण्याच्या मोटारीची खोली आहे, चार पत्र्यांची. तिच्या मागं घेऊन गेली आणि म्हणाली, "हितं बघ."

खोलीच्या मागच्या तुकड्यात कळ्या होत्या. मुगाएवढ्या, पण कळ्याच. तुकडा तिकोनी, खोलीपाशी रुंद आणि पुढं निमुळता होत गेलेला. त्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं की पुन्हा नुसती पानं. "पाणी म्हणावं तर नळी सगळीकडं सारखी," आई म्हणाली. "खत म्हणावं तर मीच टाकलंय, माझ्या हातानं. आन् असा तिरपा तुकडा कसा काय आला?"

आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. दिवस मावळला, आणि पूर्वेच्या बांधावरचे चारही फोकस एकदम लागले. सगळं शेत पांढरंफटक झालं, आणि मोटारीच्या खोलीची काळी सावली मागं पडली. तिकोनी. खोलीपाशी रुंद, पुढं निमुळती. बरोब्बर कळ्यांवर.

अगं बाई! मी स्वतःशीच म्हणाले असेन, कारण आईनं विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, डास." पण आनंद म्हणाल तर आनंदच होता तो. माझं जनुक, माझा निरोप्या, माझ्या आईच्या शेतात, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला! आणि लगेच दुसरं कळलं, की हे सांगायचं कुणाला. समोर बोर्डावर आप्पा हसत होते आणि त्यांच्या खाली मी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बंगल्यावर गेले. बोलायचंच असं ठरवून गेले होते. वाक्यसुद्धा तयार होतं: आप्पा, तुमच्या फोकसमुळं आईची शेवंती फुलत नाही, दिवाळीपर्यंत बंद ठेवा. सोपं मराठी वाक्य आहे. चौथीतलं पोरगं म्हणेल.

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "बरं झालं आलीस. येत्या महिन्यात संस्थेची बैठक हाय. तुझा विषय घेतोय. किती वर्सं तासावर राबणार? पर्मनंट करून टाकू."

मी बसले. चहा आला. मी म्हणाले, "आप्पा, त्या फोकसांचं…"

"काय त्यांचं?"

"उजेड चांगला पडतो," मी म्हणाले.

"पडणारच!" आप्पा खूश झाले. "चौफुल्याकडून येणारा माणूस म्हणतो, आप्पा, तुमचं तोंड लांबनंच दिसतं."

आणखी एकदा प्रयत्न केला मी. म्हटलं, "रात्रभर ठेवायची गरज आहे का पण? पहाटे कोण बघतं?" आप्पांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "माणूस जिता हाय तवर त्याच्या तोंडावर उजेड असावा," ते म्हणाले. "मागल्या टायमाला काय झालं म्हाईत हाय ना?" मी म्हटलं, माहीत आहे. चहा संपवला आणि उठले. तो चहा मला अजून आठवतो, फार गोड होता आणि मी सगळा प्याले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मग? काय निघालं?"

मी म्हटलं, "हवामानाचं दिसतंय काहीतरी. नमुन्यांचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

"बरं," आई म्हणाली.

त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, रिपोर्ट यायचाय. रिपोर्ट आलेला होता. माती उत्तम होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं ताट वाढता वाढता तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. शिरूरला वर्गात मात्र मी त्या आठवड्यात नेमकं संप्रेरकांचं प्रकरण घेतलं. फळ्यावर पान काढलं, शेंडा काढला, बाण काढले. पोरांना म्हणाले, निरोप वेळेत पोचला नाही तर झाडाचा हंगाम जातो. एका पोरीनं वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

संस्थेची बैठक पुढं ढकलली गेली. कोरम भरला नाही म्हणे.

नंतरच्या शनिवारी, गणपती बसायच्या एक-दोन दिवस आधी, मी गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. आईच्या पट्ट्याच्या पूर्वेच्या बांधावर आप्पांची रांग उभी होती.

आप्पांच्या जुन्या वाढदिवसांचे फ्लेक्स आमच्या गोठ्यात पडलेले असतात. कडब्यावर टाकायला, पावसात जळणावर टाकायला त्यासारखी दुसरी वस्तू नाही. आईनं आणि तिच्याबरोबर खुरपायला येणाऱ्या दोघी बायकांनी मिळून बांबू रोवले होते आणि त्यावर ते सगळे फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत दाभणानं शिवून टाकले होते. 'युवा नेतृत्व' आप्पा. 'कार्यसम्राट' आप्पा. 'विकासाचा झंझावात' आप्पा. 'भावी' असं मोठ्या अक्षरांत आणि पुढचं उंदरानं खाल्लेलं, असे आप्पा. डावीकडून उजवीकडं वय वाढत गेलेलं आणि केस काळे होत गेलेले. फ्लेक्सची कापडी भिंत फोकसना खेटून, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा उजेडाचा वरचा झोत नेहमीसारखा बोर्डावर गेला आणि साठीचे आप्पा झळकले. खालचा सगळा उजेड जुन्या आप्पांनी अडवला. त्यांच्या मागं शेवंतीवर गडद अंधार होता.

मी आईकडं बघितलं. ती भाकरी थापत असल्यासारखी निवांत होती. "हे कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "वारं लई लागतंय. तू उंच करून ठेवलीस ना शेवंती."

तेवढ्यात आप्पांची गाडी आली. आप्पा उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. फोकसच्या समोरच असल्यानं एकूण एक आप्पा लखलखत होता. "वहिनी," ते म्हणाले, "हे कवा सुचलं तुम्हाला?"

"गोठ्यात पडल्यालं बघवत न्हवतं, भावजी," आई म्हणाली. "माणसाचं तोंड हाय ते."

आप्पांनी रुमाल काढून डोळे टिपले. खोटं सांगत नाही, खरंच टिपले. मग ड्रायव्हरकडून फोटो काढून घेतला, रांगेपुढं उभं राहून, आणि तो स्टेटसला गेला. चार दिवसांनी मला कॉलेजात एका शिपायानं त्याचा स्क्रीनशॉट दाखवला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वहिनी साहेबांचं प्रेम'.

मग शेवंतीनं आपलं काम केलं. आईनं दहाव्या दिवसापासून शेंडे उलगडून बघायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला फोन आला. "आलीया," ती एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी स्टाफरूममध्ये बसून रडले. शेजारच्या मॅडमना वाटलं, बैठक पुन्हा पुढं ढकलली.

दसऱ्याला सगळ्या भागातली फुलं पुण्याला मार्केट यार्डात गेली. आमची कळीच होती, मिटलेली, टोकाला नुसता पिवळा रंग दिसत असलेली. आईनं तोरणाला फुलं शेजारच्या वस्तीवरून आणली. पण त्या वर्षी अधिक महिना आल्यानं दिवाळी लांब होती, हे आमचं नशीब. वसुबारसेच्या सकाळी आई मला उठवायला आली तेव्हा सगळा पट्टा पिवळा झाला होता. फक्त बोर्डाच्या पायथ्याच्या पाच-सहा सरी हिरव्या राहिल्या. तिथं आप्पांच्या चेहऱ्यावरून परतलेला उजेड पडत होता, त्याला काही इलाज नव्हता.

पाडव्याला आप्पा आले, ठरल्याप्रमाणं. ट्रॅक्टर नव्हता, पण बरोबर पंधरा-वीस माणसं होती. शुभेच्छा द्यायला आलेली सगळी त्यांनी शेत दाखवायलाच आणली होती. एक कार्यकर्ता मोबाईल धरून पुढं पुढं चालत होता. बांधावर थांबून आप्पांनी मला हाक मारली. "या, डॉक्टर मॅडम. तुम्ही शास्त्रज्ञ. सांगा या लोकांना, एवढं फूल कशानं आलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मोबाईलही माझ्याकडं वळला. आई फुलांची पाटी घेऊन माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तीही बघत होती. मला सगळं येत होतं. जनुक येत होतं, संप्रेरक येत होतं, त्याचं रासायनिक रूप येत होतं, सावली कशी पडली तेही येत होतं.

मी म्हणाले, "हवामान अनुकूल राहिलं."

"हवामान!" आप्पा गरजले आणि त्यांनी फ्लेक्सच्या रांगेकडं हात केला. "अरं, हवामान सगळ्यांनाच हाय. हितं माझी एवढी नजर हुती शेतावर, पीक येणार न्हाई तर जाईल कुठं?" हशा पिकला. त्या हशातच ते आईकडं वळले. "वहिनी, मी शब्दाचा माणूस हाय. पट्टा तुमचा!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबू दिल्या आईनं. मग पाटी खाली ठेवली आणि पदर नीट केला. "म्हंजी कायमचा म्हणताय, भावजी, का या सालापुरता?"

आप्पांनी बाजूला बघितलं. मोबाईल चालूच होता. "कायमचा म्हणतोय की."

"मग तलाठ्याकडं कवा जायाचं? हे सगळे हायतीच साक्षीला."

"जाऊ की. जाऊ… दिवाळी झाली की."

"सोमवारी?"

"सोमवारी," आप्पा म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणता येईना, कारण तो कार्यकर्ता उत्साही होता आणि बांधावरून खाली उतरायच्या आत त्यानं ते सगळं गावाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. सोमवारी आप्पा गेले. अर्ज झाला, सह्या झाल्या, बाकीच्या हिस्सेदारांच्याही झाल्या, आणि यथावकाश त्या वीस गुंठ्यांवर माझ्या आईचं नाव लागलं. आप्पा ती गोष्ट अजून भाषणात सांगतात. महिला सबलीकरणाच्या मुद्द्याला ती त्यांना फार उपयोगी पडते. मी अजून तासावरच आहे.

पण मला सांगायचंय ते पाडव्याच्या दुपारचं. माणसं पांगली होती. आई आणि मी फुलं तोडत होतो, ती एका सरीत, मी शेजारच्या. मला राहवेना. मी म्हटलं, "आई, तुला एक सांगायचंय."

"दिव्याचं ना?" ती म्हणाली. हात थांबले नाहीत तिचे.

माझे थांबले. मग म्हटलं, "तुला कळलं कसं?"

"तुझ्याकडनंच. त्या दिवशी दिवं लागलं आन् तू त्या सावलीकडं बघत हुबी राहिलीस. तुझं तोंड बघितलं आन् मी समजले."

"म्हणजे त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी काढून ठेवल्यालं मी, गोठ्याच्या दारात."

"मग बांधले का नाहीस लगेच?"

आईनं मूठभर फुलं पाटीत टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"म्हटलं, लेक सांगंल," ती म्हणाली. "दोन शनवार वाट बघितली तुझी. दसरा गेला त्यात."

आणि ती खाली वाकून पुढं तोडत गेली.